रोज एक चमचा बी पोलन: त्यातून नेमकं काय मिळतं आणि कोणी घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात आई आणि मुलगी दोघींचं हिमोग्लोबिन कमी आहे, वडिलांना रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, आणि एका परिचितांनी सांगितलंय की सगळ्यांनी रोज एक चमचा बी पोलन घ्या, तीन महिन्यांत फरक दिसेल. घ्यावं का? घ्यायचं तर किती आणि कसं?

आधी सरळ उत्तर देतो. बी पोलन, म्हणजे मधमाशीने फुलांवरून गोळा केलेल्या परागाचे दाणे, हे उत्तम प्रतीचं पण अगदी थोड्या प्रमाणात खाल्लं जाणारं अन्न आहे. आई आणि मुलीचं हिमोग्लोबिन त्याने भरून येणार नाही. वडिलांच्या तक्रारीवर परागाच्या अर्काचे अभ्यास आहेत, पण ते या बरणीतल्या दाण्यांचे नाहीत. आणि घरात कोणाला दमा किंवा परागाची ॲलर्जी असेल तर त्या व्यक्तीने हा प्रयोग घरी करूच नये. आता एकेक गोष्ट नीट पाहू.

फुलावर बसलेल्या कामकरी माशीच्या अंगावरच्या केसांना परागकण चिकटतात. ती ते पायांनी झाडून गोळा करते, त्यात थोडा मकरंद आणि लाळ मिसळते आणि मागच्या पायांवरच्या परागटोपलीत दाबून बसवते. हाच तो दाणा. एका दाण्याचं वजन साधारण ५ ते १० मिलिग्रॅम, आणि एका फेरीत माशी असे दोनच दाणे आणते. म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यात मावणाऱ्या ३ ग्रॅम परागामागे सुमारे २०० फेऱ्या असतात. मधपाळ पेटीच्या दाराशी पराग सापळा बसवतो. मेलिफेरा या युरोपीय जातीच्या मधमाशीसाठी त्याच्या जाळीची भोकं ५ मिलिमीटरच्या आसपास असतात. माशी अंग चोरून आत शिरते आणि पायावरचे दाणे खालच्या ट्रेमध्ये गळून पडतात. आपल्याकडची सातेरी माशी अंगाने लहान असल्याने त्याच सापळ्यातून ती दाण्यांसकट निघून जाते, म्हणून बाजारातला बहुतेक माल मेलिफेराचा असतो.

एक अळी वाढवायला सुमारे १२५ ते १४५ मिलिग्रॅम पराग लागतो. म्हणजे आपला एक चमचा हा वीस-बावीस अळ्यांचा घास आहे. सापळा महिनोन्महिने लावून ठेवला की अळ्यांना प्रथिनं कमी पडतात आणि वसाहत क्षीण होते. चांगला मधपाळ फुलोरा भरात असतानाच आणि मधूनमधून सापळा लावतो. विकत घेताना हे विचारायला संकोच करू नका. जो माशीची काळजी घेतो, तो वाळवण्याचीही घेतो, असा माझा ठाम समज आहे.

आता पोषण. वाळवलेल्या परागात प्रथिनं १० ते ४० टक्के असतात, बहुतेक नमुन्यांत २० ते २५ च्या आसपास. कर्बोदकं १३ ते ५५ टक्के, त्यात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मुख्य. स्निग्ध पदार्थ १ ते १३ टक्के. किलोमागे लोह ११ ते १७० मिलिग्रॅम, जस्त ३० ते २५०, फोलिक आम्ल ३ ते १०, क जीवनसत्त्व ७० ते ५६०, बीटा कॅरोटीन १० ते २०० मिलिग्रॅम. आकड्यांमधली ही तफावत मोजणीतल्या चुकीमुळे आलेली नाही. फूल बदललं की माल बदलतो. मोहरीचा पराग पिवळाधमक आणि प्रथिनांनी भरलेला असतो. मक्याचा फिकट आणि त्यामानाने हलका. सूर्यफुलाचा नारिंगी आणि दिसायला देखणा, पण प्रथिनांत मोहरीच्या मागे. एकाच पेटीचा जानेवारीतला आणि ऑगस्टमधला पराग हे दोन वेगळे पदार्थ समजावेत. त्यामुळे बरणीवर ‘प्रथिने ३५ टक्के’ असं ठोक छापलं असेल, तर ते कोणत्या फुलाचं आणि कोणत्या हंगामातल्या तपासणीचं, असा प्रश्न विचारायला हवा.

जाहिरातीत हे आकडे १०० ग्रॅममागे दिलेले असतात आणि गोंधळ तिथेच होतो. रोज १०० ग्रॅम पराग कोणी खात नाही, खाऊही नये. मोठा चमचा शीग लावून भरला तरी १० ग्रॅम होतो. त्यात प्रथिनं साधारण २ ते अडीच ग्रॅम. तेवढीच प्रथिनं १० ग्रॅम शेंगदाण्यांत असतात, आणि एका अंड्यात ६ ग्रॅम. लोहाचा हिशोब तर आणखी स्पष्ट आहे. सगळ्यात लोहसमृद्ध पराग घेतला तरी १० ग्रॅममधून १.७ मिलिग्रॅम, आणि साधा असेल तर ०.१ मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह धरलं आहे. लोहाची कमतरता असलेल्या उंदरांना पराग दिल्यावर त्यांचं हिमोग्लोबिन सुधारल्याचे अभ्यास आहेत आणि विक्रेते त्यांचा दाखला देतात. पण उंदराच्या आहारातलं परागाचं प्रमाण आणि आपला चमचा यांची बरोबरी होत नाही. आई आणि मुलीने फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावं, डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, जेवणात लिंबू पिळावं आणि जेवणानंतर लगेचचा चहा बंद करावा. हे आधी झालं पाहिजे. गोळ्या बाजूला ठेवून पराग खाण्यात जे तीन महिने जातील, त्यात रक्त आणखी उतरेल.

शाकाहारी लोकांना परागातून बी १२ मिळतं असंही सांगितलं जातं. त्याच्यावर विसंबू नका. बी १२ वनस्पती तयार करत नाहीत.

मग परागात मोलाचं काय? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, एकाच घासात सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं, जस्त, ब गटातली जीवनसत्त्वं आणि कॅरोटीन एकत्र येणं. दुसरी, क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉलच्या जातीची फ्लेव्होनॉइड्स. प्रयोगशाळेत परागाची ऑक्सिडीकरण-विरोधी क्षमता चांगली दिसते, हे खरं. पण परीक्षानळीत दिसलेला गुण रक्तात तसाच उतरतो असं नाही. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य मी कोणाला सांगत नाही. भूक मंदावलेल्या, आजारातून उठलेल्या माणसाला ज्या चार पौष्टिक गोष्टी थोड्याथोड्या द्यायच्या, त्यांत पराग चांगला बसतो. जर्मनीतल्या वनौषधींच्या अधिकृत समितीनेही पराग याच कामासाठी मान्य केला होता: अशक्तपणा आणि मंद भूक.

परागकणाच्या पचनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच जास्त होतात. प्रत्येक दाण्यात लाखो परागकण असतात आणि प्रत्येक कणाभोवती स्पोरोपोलेनिन नावाचं कवच असतं. हे कवच इतकं चिवट आहे की लाखो वर्षांपूर्वीचे परागकण गाळाच्या थरात अजून शाबूत सापडतात. आपल्या पोटातली आम्लं आणि पाचकरसही ते फोडू शकत नाहीत. आतला ऐवज बाहेर येतो तो कवचावरच्या बारीक छिद्रांतून आणि भेगांतून. म्हणून दाणे कोरडे गिळले तर बराच भाग न पचताच जातो. मिक्सरमध्ये फिरवलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. मिक्सर दाणा फोडतो, पण परागकण सहसा १० ते १०० मायक्रॉनचा असतो, आणि तो त्या पात्यांखाली बहुतांशी तसाच राहतो. शिवाय पाती तापतात ती वेगळीच. भिजवणं हा त्याहून चांगला मार्ग. कोमट पाण्यात कण फुगतात, छिद्रांवर ताण येतो आणि काही कण फुटतात.

घरी एकदा करून पाहा. पांढऱ्या बशीत दोन दाणे ठेवा आणि त्यांवर चमचाभर कोमट पाणी घाला. पाच मिनिटांत दाण्याची कड विरघळायला लागते, पंधरा-वीस मिनिटांत दाणा आपोआप ढासळतो आणि तळाशी मऊ गाळ, वर पिवळसर गढूळ पाणी दिसतं. बोटाने चोळलं तर गाळ पिठासारखा लागतो, रवाळ नाही. रंग लावलेली साखरेची गोळी असेल तर ती पूर्ण विरघळते, पाणी रंगीत पण नितळ राहतं आणि तळाशी काहीच उरत नाही.

घेण्याची रीत अशी ठेवा. रात्री किंवा सकाळी, खाण्याआधी दोन-तीन तास, एक चमचा पराग पाव कप कोमट पाण्यात किंवा दुधात भिजवा. बोट बुडवल्यावर चटका बसू नये, इतकंच कोमट. मग ते तसंच पिऊन टाका, नाहीतर ताकात, दह्यात, केळ्याच्या शिकरणीत किंवा निवलेल्या नाचणीच्या सत्त्वात मिसळा. उकळत्या चहात किंवा गॅसवरच्या लापशीत घालू नका, क जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल उष्णतेला टिकत नाहीत. भिजवलेला पराग साठवायचाही नाही. आपल्या हवेत तो दिवसभर बाहेर राहिला की आंबतो. चव आधी किंचित गोड आणि नंतर कडसर लागते, आणि ती स्वाभाविक आहे. रोज भिजवण्याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी एक भाग परागाची पूड आणि चार भाग मध असं मिश्रण करून ठेवता येतं, मधात तो चांगला टिकतो. पण मधुमेह असेल तर हे नको. नुसत्या १० ग्रॅम परागातही साडेपाच ग्रॅमपर्यंत कर्बोदकं असतात, ती दिवसाच्या हिशोबात धरावी लागतात.

मात्रा वाढवण्यात घाई करायची नाही. पहिल्या दिवशी एकच दाणा. चमचा नाही, अर्धा चमचाही नाही, एक दाणा. तो जिभेवर ठेवून विरघळू द्या आणि पूर्ण २४ तास थांबा. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी तीन-चार, मग दहा, मग पाव चमचा. साधारण दोन आठवड्यांत एका सपाट चमच्यावर, म्हणजे ३ ग्रॅमवर या. प्रौढ माणसाला तेवढं पुरतं. १० ग्रॅमच्या वर जाण्यात फायदा काही नाही, पोट फुगणं आणि जुलाब मात्र होतात. पहिले काही दिवस घरात एकटं असताना घेऊ नका, आणि घेतल्यावर लगेच धावायला किंवा व्यायामाला जाऊ नका. व्यायामाच्या जोडीने ॲलर्जी उसळल्याची नोंद परागाच्या बाबतीत झालेली आहे.

ॲलर्जीबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे गाजरगवत आहे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची भारतातली पहिली नोंद झाली आणि आज रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, बांधावर ते सगळीकडे आहे. गाजरगवत, सूर्यफूल, झेंडू, शेवंती हे सगळे एकाच कुळातले. ज्यांना गाजरगवताने शिंका येतात, डोळे चुरचुरतात, कातडीवर चट्टे उठतात, त्यांचं शरीर सूर्यफुलाच्या परागालाही तसंच प्रत्युत्तर देऊ शकतं. बाजारातल्या मिश्र परागात यातलं काय आहे, हे दाण्याकडे बघून कळत नाही. तेव्हा दमा, ऋतुमानानुसार येणारी सर्दी, मधमाशीच्या डंखाची किंवा मधाची ॲलर्जी असलेल्यांनी पराग घ्यायचाच नाही. वर सांगितलेली एका दाण्याची चाचणीसुद्धा त्यांच्यासाठी नाही.

‘थोडाथोडा पराग खाल्ला की परागाची सर्दी कायमची जाते’ हा समज उलटा आणि धोक्याचा आहे. नाकाची ॲलर्जी मुख्यतः वाऱ्यावर उडणाऱ्या परागाने होते आणि माशी आणते तो बहुतेक चिकट, फुलात राहणारा पराग. डॉक्टर देतात त्या ॲलर्जीच्या उपचारात नेमका पदार्थ आणि नेमकी मात्रा असते. इथे दोन्ही अज्ञात.

दाणा खाल्ल्यावर ओठ-जीभ खाजणं, घशात काही अडकल्यासारखं वाटणं, अंगावर गांधी उठणं, छातीत घरघर, चक्कर यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावून वाट बघण्याची सवय आहे. इथे ती सवय जिवावर बेतू शकते. घशाची सूज किंवा धाप असेल तर माणसाला आडवं करून, श्वास घेता येत नसेल तर बसवून, १०८ ला फोन करा. त्या क्षणी उपयोगी पडतं ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी पोटात जाऊन काम करेपर्यंत उशीर होतो.

आणखी कोणी घेऊ नये? गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, कारण सुरक्षिततेचा भरवसा देण्याइतकी माहिती नाही. एक वर्षाखालच्या बाळांना मधाप्रमाणेच परागही नको. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी टाळावं, परागाबरोबर रक्त जास्त पातळ झाल्याची नोंद आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ‘वजन उतरवणाऱ्या’ पराग-कॅप्सूलपासून तर सगळ्यांनीच दूर राहावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला अशा कॅप्सूलमध्ये लेबलवर न लिहिलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडलं होतं. हृदयाला धोकादायक म्हणून ते औषध २०१० मध्ये तिथल्या बाजारातून मागे घेतलेलं होतं.

आता वडिलांची तक्रार. प्रोस्टेटवर (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, ती वाढली की रात्री लघवीला उठावं लागतं) परागाचा जो अभ्यास झालाय तो प्रामुख्याने राय नावाच्या तृणधान्याच्या, यंत्राने गोळा केलेल्या परागाच्या ठरावीक अर्कावर. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत दीर्घकालीन प्रोस्टेटदाहाच्या १३९ रुग्णांना १२ आठवडे एक तर हा अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली. अर्कवाल्या गटात सुमारे ७० टक्क्यांना, दुसऱ्या गटात ५० टक्क्यांना लक्षणीय आराम पडला. हा चांगला, प्रामाणिक पुरावा आहे, पण वेदना असलेल्या आजाराचा. वयामुळे प्रोस्टेट वाढण्यावर याच अर्काच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा रात्रीचं उठणं थोडं कमी झालं, पण लघवीच्या धारेचा वेग वाढला नाही. माशीने मोहरीवरून आणलेल्या दाण्यांना हे निष्कर्ष लागू करता येत नाहीत. वडिलांनी आधी लघवी, रक्तातली साखर, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) आणि सोनोग्राफी करून घ्यावी. रात्री वारंवार उठण्यामागे मधुमेहही असू शकतो, आणि तेव्हा परागाच्या चमच्याने निदान लांबेल, एवढंच होईल.

रजोनिवृत्तीच्या त्रासावर पराग सुचवला जातो, म्हणून तेही. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये जर्मनीत मध आणि परागयुक्त मध यांची तुलना झाली. दोन्हीने जवळजवळ सारखंच बरं वाटलं. म्हणजे श्रेय परागाचं आहे असं म्हणता येत नाही.

विकत घेताना काय पाहायचं, तर सगळ्यात आधी ओलावा. ताज्या परागात २० ते ३० टक्के पाणी असतं आणि बाहेर ठेवला तर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. तो ४० अंशांच्या आसपास, सावलीत किंवा ड्रायरमध्ये वाळवून ६ ते ८ टक्क्यांवर आणावा लागतो. उन्हात वाळवलेल्याचं कॅरोटीन उडतं आणि दाणे फिकट दिसतात. कोकणात पावसाळ्यात नुसत्या हवेवर तो वाळतच नाही, तिथे ड्रायरला पर्याय नाही. नीट वाळलेले दाणे बरणी तिरकी केली की मोहरीसारखे घरंगळतात आणि चिमटीत दाबल्यावर लगेच चुरत नाहीत. गुठळ्या, आंबूस किंवा कुबट वास, दाण्यांवर पांढरट-हिरवट लव असेल तर फेकून द्या. वरचे चांगले दाणे निवडून खाऊ नका, बुरशीचं विष नजरेला दिसत नाही.

पराग म्हणजे त्या परिसराचा आरसा असतो. शेतात फवारलेलं कीटकनाशक आधी फुलात आणि मग दाण्यात येतं. ताग, खुळखुळा यांच्या कुळातल्या आणि रानमोडीसारख्या काही झाडांत यकृताला घातक अल्कलॉइड्स असतात. युरोपीय संघाने परागातल्या या अल्कलॉइड्सना किलोमागे ५०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणून फुलोरा, जागा, काढणीचा महिना, ओलाव्याचा आणि कीटकनाशकाचा तपासणी अहवाल, तसंच लेबलवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, हे सगळं मागा. जो विक्रेता सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका, भले तो जंगलातला माल म्हणून दुप्पट भाव सांगो.

घरी आणल्यावर काचेच्या घट्ट बरणीत फ्रीझरमध्ये ठेवा, तिथे वर्षभर चांगला राहतो. कपाटात ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत सुगंध आणि जीवनसत्त्वं दोन्ही ओसरू लागतात. फ्रीझरमधली थंड बरणी काढल्या काढल्या उघडू नका. बाहेरची दमट हवा आत शिरून दाण्यांवर पाणी धरतं आणि पुढच्या आठवड्यात गुठळ्या दिसतात. बरणी तासभर बाहेर राहू द्या, मग आठवड्यापुरते २० ते ३० ग्रॅम छोट्या बाटलीत काढून ती खालच्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि मोठी बरणी परत फ्रीझरमध्ये. चमचा कोरडाच हवा.